मोर्स पाठवताना पॅडल दाबूनही डिट गळतात आणि पूर्ण शक्तीवर नको तिथे डिट उमटतात: दोष कुठे शोधावा?

माडाखालची_तार:

नमस्कार मंडळी. माझ्या केंद्रावर गेल्या पावसाळ्यापासून सीडब्ल्यू (म्हणजे मोर्स संकेत) पाठवताना एक त्रास होत आहे आणि तो दोन निरनिराळ्या रूपांत दिसत असल्यामुळे दोन्ही लक्षणे सविस्तर मांडतो. माझा संच १०० वॅटचा एचएफ (लघुलहरी) ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश पाठवणारा आणि घेणारा रेडिओ आहे. त्याच्या पाठीमागे ३.५ मिलिमीटरचा की-जॅक असून कीअर (पाते दाबताच मोर्सचे ठिपके म्हणजे डिट आणि रेघा म्हणजे डाह आपोआप तयार करणारे मंडल) मी संचाच्या आतलाच वापरतो. पॅडल (बोटांनी दाबायची मोर्स की) दोन पात्यांचे, आयाम्बिक (दोन्ही पाती एकत्र दाबली की डिट-डाह एकाआड एक देणारे), जड पितळी बैठकीचे आहे आणि त्यालाही ३.५ मिलिमीटरचाच जॅक आहे. दोहोंना जोडणारी केबल बाजारात तयार मिळते तशी, दोन्ही टोकांना साच्यात ओतलेले स्टिरिओ प्लग असलेली आहे.

पहिले लक्षण असे की मिनिटाला १८ शब्दांच्या वेगाने पाठवत असताना मधूनच डिट गळतो. ५ हा अंक (पाच डिट) पाठवला तर समोरच्या स्थानकाला कधी 'एच' (चार डिट) ऐकू जातो, तर कधी आधी तीन आणि मग दोन असे तुटलेले डिट जातात. डाहच्या बाबतीतही हे घडते, मात्र थोडे कमी वेळा. दुसरे लक्षण याच्या नेमके उलट आहे. ४० मीटर बँडवर पूर्ण शक्तीने पाठवताना मी न दाबलेला डिट आपोआप उमटतो आणि 'एन'चा (डाह-डिट) 'डी' (डाह-डिट-डिट) होतो. शक्ती १० वॅटवर आणली की हे दुसरे लक्षण नाहीसे होते, पहिले मात्र तसेच राहते.

अँटेना म्हणजे दोन माडांच्या मध्ये ताणलेली सुमारे २० मीटर लांबीची एंड-फेड हाफ-वेव्ह (एका टोकाला जोडणी घेणारी, अर्ध्या लहरीइतक्या लांबीची) तार असून तिच्या टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर आहे. आमचे घर रत्नागिरीत खाडीजवळ असल्यामुळे खाऱ्या दमट हवेने संपर्क काळे पडले असावेत, असे येथील परिचितांचे मत पडले. त्यानुसार मी संपर्कांमधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढून ते स्वच्छ केले आणि पात्यांमधले अंतरही नव्याने जुळवले, परंतु काहीही फरक पडला नाही. संचाचा कीअर बिघडला असण्याची शक्यता किती? संच मुंबईला दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी घरी जे तपासता येईल ते सर्व तपासण्याची माझी इच्छा आहे. माझ्याकडे डिजिटल मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, लहरी बाहेर न सोडणारा भार) आहे.

जुनी_स्ट्रेट_की:

ओएम (हौशी रेडिओतले 'मित्रा'), आपण लक्षणे नेमकी वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झालेच आहे. संच दुरुस्तीला पाठवण्याची घाई करू नये. आतला कीअर बिघडणे हे माझ्या अनुभवात फार क्वचित घडते. दोष बहुधा पॅडलचे टोक आणि संचाचा जॅक यांच्या मधल्या वाटेवरच सापडतो, आणि ती वाट तुकड्यातुकड्याने तपासली तर शोध लवकर संपतो.

सर्वप्रथम संचाचे ब्रेक-इन (की दाबताच आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोय) बंद करावे. त्यामुळे साइडटोन (आपल्या कीचा संचातच वाजणारा स्वर) ऐकू येईल, पण लहरी बाहेर जाणार नाहीत. प्लग काढण्या-घालण्यापूर्वीही ही सवय ठेवावी, कारण प्लग आत सरकत असताना त्याचे टोक जॅकमधल्या इतर पट्ट्यांना क्षणभर टेकते आणि ब्रेक-इन चालू असेल तर तेवढ्यातच डाह हवेत जातो.

आता केबल पूर्ण काढून ठेवावी. तीन तारा जोडलेला एक सुटा स्टिरिओ प्लग संचात घालावा. सर्वसाधारण संकेताप्रमाणे टिप (प्लगचे टोक) म्हणजे डिट, रिंग (मधली कडी) म्हणजे डाह आणि स्लीव्ह (मागचा भाग) म्हणजे दोघांचा सामाईक ग्राउंड. टिपेची तार स्लीव्हच्या तारेला पिळून ठेवली की डिटांची अखंड माळ सुरू झाली पाहिजे. ती शांतपणे बराच वेळ ऐकावी. तिच्यात एकही खंड नसेल, आणि रिंगेच्या तारेनेही डाह तितकेच सलग येत असतील, तर संच निर्दोष आहे आणि मुंबईचा प्रवास टळला.

यानंतर केबल आणि पॅडल पुन्हा जोडून मेनूमध्ये की-टाइप 'स्ट्रेट' करावा. या स्थितीत डिटचे पाते दाबले की कीअर मध्ये पडत नाही आणि साइडटोन सलग वाजत राहतो. पाते रबर बँडने दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवावे आणि केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटभर अंतराने हळूहळू वाकवत न्यावी. जिथे स्वर करकरतो किंवा तुटतो तिथे दोष आहे. ही तपासणी मी मल्टीमीटरच्या बीपपेक्षा अधिक विश्वसनीय मानतो. स्वस्त डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच वाचन करतो, तर आपल्या वेगाला एक डिट सुमारे ६७ मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्यापुरता तुटणारा सांधा मीटरला दिसतच नाही, कानाला मात्र तत्काळ कळतो.

पॅडलच्या आतली एक जागाही पाहावी. अनेक पॅडलांमध्ये पात्याला ग्राउंड वेगळ्या तारेने दिलेला नसतो, तो आसाच्या बेअरिंगमधून किंवा स्प्रिंगमधून पात्यापर्यंत पोहोचतो. बेअरिंगमध्ये तेल घट्ट झाले किंवा मळ बसला की संपर्काची टोके आरशासारखी लखलखीत असूनही मंडल पूर्ण होत नाही. म्हणून मीटरची एक टोकणी पात्याच्या धातूवर आणि दुसरी जॅकच्या स्लीव्हवर धरून पाते हलवत वाचन घ्यावे. ते एखाद्या ओहमच्या आत आणि स्थिर असायला हवे. बीप वाजला एवढ्यावर येथेही समाधान मानू नये, आकडा पाहावा.

डिट_डाह_डिट:

वरील पद्धत योग्यच आहे. मी तीन गोष्टी जोडतो, कारण पॅडलच्या तक्रारी बऱ्याचदा तिथेच संपतात.

आयाम्बिक कीअरच्या 'बी' पद्धतीत दोन्ही पाती एकत्र दाबून सोडली की चालू घटकानंतर विरुद्ध घटक एकदा आपोआप जोडला जातो. 'ए' पद्धतीची सवय असलेल्याला हा बिघाड वाटतो आणि चांगले पॅडल उगाच उघडले जाते. आपल्या बाबतीत मात्र हे कारण लागू होत नाही. 'बी' पद्धतीमुळे 'एन' बिघडला असता तर त्याचा 'के' झाला असता, कारण डिटनंतर डाह आला असता. आपल्याकडे डिटनंतर पुन्हा डिट येतो, म्हणजे कीअरला टिपेच्या वाटेने खोटा संकेत मिळत आहे.

दुसरी गोष्ट प्लगच्या प्रकाराची. मोबाइलच्या हेडसेटचा चार कड्यांचा प्लग पॅडलच्या केबलला लावलेला मी पाहिला आहे. त्याच्या प्रचलित जोडणीत ग्राउंड दुसऱ्या रिंगेवर आणि मायक्रोफोन स्लीव्हवर असतो. तीन कड्यांच्या जॅकमधली ग्राउंडची पट्टी स्लीव्हला टेकते, त्यामुळे ग्राउंड जुळेलच याची खात्री राहत नाही. दोन कड्यांचा मोनो प्लग तर पॅडलसाठी वापरूच नये, कारण त्याने रिंग स्लीव्हला जोडली जाते आणि कीअर चालू असताना डाहची न थांबणारी माळ सुरू होते. यासूच्या संचांच्या पुस्तिकांत याविषयी स्पष्ट सूचना असते. आयकॉमच्या आयसी-७३०० सारख्या संचाला ६.३५ मिलिमीटरचा की-जॅक आहे. तिथे अडॅप्टर लावावा लागला तर तोही स्टिरिओच असावा.

तिसरी गोष्ट प्लग पूर्ण आत बसण्याची. जॅक पॅनेलच्या थोडा आत असेल आणि प्लगची मूठ जाड असेल तर प्लग शेवटचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेरच राहतो. टिप मग रिंगेच्या पट्टीवर येते आणि डिटच्या पात्याने डाह वाजतो. आपल्या लक्षणांत हे नाही, तरीही प्लग बसताना 'टक्' असा स्पर्श जाणवतो का, ते पाहून घ्यावे.

माडाखालची_तार:

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्या क्रमाने तपासणी केली, तिचे निष्कर्ष देतो.

सुट्या प्लगवर डिट आणि डाह दोन्ही अखंड आले, एकही खंड पडला नाही. पॅडलची पाती ते जॅकचा स्लीव्ह हे वाचन दोन्ही बाजूंना अर्ध्या ओहमच्या आसपास स्थिर आहे आणि पाते हलवले तरी ते बदलत नाही. प्लग तीन कड्यांचाच आहे आणि पूर्ण आत बसतो.

केबलने मात्र लगेच दोष दाखवला. संचाकडच्या प्लगच्या मुठीतून केबल जिथे बाहेर पडते, तिथे ती किंचित डावीकडे वळवली की स्वर करकरतो आणि आणखी वळवली की पूर्ण बंद होतो. उर्वरित लांबीभर स्वर स्थिर राहिला. की-टाइप पुन्हा 'पॅडल' करून डाहचे पाते अडकवून पाहिले, तर त्याच जागी डाहही तुटतात. पॅडल टेबलावर पुढे-मागे सरकले की हाच भाग ओढला जातो, हेही आता लक्षात आले.

डमी लोड लावून १०० वॅटवर पाठवले तेव्हा डिट गळणे चालू राहिले, पण जादा डिट एकदाही आला नाही. अँटेना जोडताच तो परत आला. मग हे दोन वेगवेगळे दोष समजायचे की एकच?

चाळीस_मीटर:

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण या धाग्यातला खरा गाभा मला तिथे दिसतो.

डिट आणि डाह दोन्ही एकाच जागी तुटतात, याचा सरळ अर्थ असा की तुटलेली तार टिपेची किंवा रिंगेची नसून दोघांना सामाईक असलेली, म्हणजे ग्राउंडची आहे. तयार केबलमध्ये हा ग्राउंड म्हणजेच बाहेरची शील्ड असते. ती शील्ड दोन कामे करते. पॅडलचा परतीचा मार्ग तीच असते आणि आतल्या दोन तारांभोवती कवचही तीच धरते. ती संचाच्या टोकाला तुटत आली की दोन्ही कामे एकाच वेळी बिघडतात. परतीचा मार्ग तुटतो तेव्हा डिट गळतो. कवच संचाच्या चॅसिसपासून सुटते तेव्हा केबल, पॅडलची पितळी बैठक आणि त्यावर टेकलेला आपला हात हे सर्व मिळून एक लहानशी अँटेनाच होते, आणि त्यावर आलेला आरएफ (रेडिओ लहरींचा) प्रवाह टिपेच्या तारेने थेट कीअरच्या प्रवेशद्वारी जातो. तिथले अर्धवाहक घटक त्याचे एकदिशीकरण करतात, त्या ओळीचा व्होल्टेज ढळतो आणि कीअरला पाते दाबल्यासारखे वाटते. १० वॅटला हे होत नाही, कारण शक्ती दहा पट घटली की लहरींचा व्होल्टेज सुमारे ३.२ पटींनी घटतो आणि कीअरच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा केबल बदलल्यावर पहिले लक्षण नक्की जाईल आणि दुसरे बऱ्याच अंशी कमी होईल. बऱ्याच अंशी म्हणतो, पूर्णपणे नाही. हा आरएफ टेबलापर्यंत मुळात आलाच कसा, हा प्रश्न उरतो. एंड-फेड हाफ-वेव्ह तारेला परतीसाठी काहीतरी आधार लागतो आणि वेगळी काउंटरपॉइज तार दिलेली नसेल तर हे काम कोअॅक्स केबलची, म्हणजे संच आणि अँटेना जोडणाऱ्या केबलची, बाहेरची बाजू करते. तिच्यावरून कॉमन-मोड प्रवाह थेट घरात, संचाच्या चॅसिसवर आणि तिथून की-केबलवर येतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारा आकडा) उत्तम दाखवत असला तरी हा प्रवाह असू शकतो, म्हणून एसडब्ल्यूआरच्या आकड्यावर येथे विसंबू नये.

यावर दोन उपाय करावेत. पहिला पॅडलच्या बाजूचा. नव्या केबलच्या संचाकडच्या टोकाला टिप आणि स्लीव्ह यांच्यामध्ये एक आणि रिंग आणि स्लीव्ह यांच्यामध्ये एक, असे १० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक कॅपॅसिटर शक्य तितक्या आखूड पायांनी लावावेत. ७ मेगाहर्ट्झला १० नॅनोफॅरडचा अवरोध केवळ २.३ ओहमच्या आसपास असल्यामुळे आरएफ कीअरमध्ये न शिरता ग्राउंडला जातो. यामुळे डिट मंदावेल अशी शंका काहींना येते, ती अनाठायी आहे. आत १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर असे धरले, तरी कालांक ०.१ मिलिसेकंद येतो आणि आपला डिट ६७ मिलिसेकंदांचा आहे.

दुसरा उपाय अँटेनाच्या बाजूचा, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. ३१ क्रमांकाच्या फेराइटचा २.४ इंची टोरॉइड (कडे) घेऊन त्यावर कोअॅक्सचे दहा-बारा वेढे द्यावेत आणि हा चोक कोअॅक्स घरात शिरते तिथे ठेवावा. ४० मीटरसाठी ४३ क्रमांकापेक्षा ३१ क्रमांकाचे फेराइट अधिक उपयोगी पडते. याच्या जोडीला ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड स्क्रूला दोन-तीन मीटरची काउंटरपॉइज तार जोडावी, म्हणजे कोअॅक्सवरचा भार हलका होईल.

खाऱ्या हवेविषयी एक शब्द. आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक बिघाडाचे खापर हवेवर फोडण्याची पद्धत पडली आहे. चांदीचे संपर्क काळे पडतात हे खरे, पण कागदाची पट्टी ओढूनही लक्षण जसेच्या तसे राहिले, तेव्हाच हवेवरचा आरोप सोडून द्यायला हवा होता.

जुनी_स्ट्रेट_की:

केबल बदलायचीच आहे तर पुन्हा तशीच ओतीव प्लगची केबल आणू नये, स्वतः करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुनी केबल मुठीजवळ कापून पाहिलीत तर इयरफोनसारख्या एनॅमल चढवलेल्या तारा आणि मध्ये धाग्याचा पीळ दिसण्याची शक्यता आहे. त्या तारा सोल्डर करणे कष्टाचे असते आणि ओतीव मूठ कडक असल्यामुळे सगळा ताण एकाच रेषेवर येतो.

दोन गाभ्यांची, विणलेल्या शील्डची मायक्रोफोन केबल घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ती मीटरवर मिळते. प्लग धातूच्या टोपीचा आणि आत केबलला पकडणारे पंख असलेला निवडावा. केबल ओवण्यापूर्वी टोपी आणि हीट-श्रिंक नळी तारेवर चढवावी. शील्डचे तंतू पिळून, आधी टिन चढवून मगच स्लीव्हच्या पत्र्यावर सोल्डर करावे. आयर्न फार वेळ टेकवून ठेवले तर टिप आणि रिंग यांच्यामधले प्लास्टिक मऊ होते आणि आत दोन्ही एकमेकांना टेकतात. मग कोणतेही पाते दाबले तरी दोन्ही दाबल्याप्रमाणे डिट-डाह एकाआड एक येऊ लागतात. हे टाळण्यासाठी सोल्डर करताना प्लग एखाद्या जुन्या जॅकमध्ये खोचून ठेवावा, म्हणजे कड्या आपल्या जागी राहतात आणि उष्णताही वाटली जाते. पंख केबलच्या बाह्य आवरणावर आवळावेत, शील्डवर नव्हे.

पॅडल टेबलावर सरकत असल्याचे आपण लिहिले आहे. बैठकीखाली न घसरणारी रबरी चटई घालावी आणि केबलला संचाच्या मागे एक सैल वळसा देऊन तो टेबलाला बांधावा. ओढ प्लगपर्यंत पोहोचलीच नाही पाहिजे.

माडाखालची_तार:

जुनी केबल मुठीजवळ ब्लेडने उभी चिरून पाहिली. आत लाल आणि हिरव्या एनॅमलच्या दोन तारा शाबूत होत्या. त्यांच्याभोवतीचे उघड्या तांब्याचे तंतू मात्र मुठीच्या कडेशी कात्रीने कापावेत तसे एका ओळीत तुटलेले होते आणि केसासारखे दोन-तीन तंतूच काय ते उरले होते.

मायक्रोफोन केबल आणि धातूच्या टोपीचे प्लग मागवून नवी केबल तयार केली, संचाकडच्या टोकाला कॅपॅसिटर बसवले आणि पॅडलखाली चटईही घातली. डिट गळणे पूर्णपणे थांबले आहे. ४० मीटरवर पूर्ण शक्तीने पाठवतानाही आता 'एन' हा 'एन'च राहतो. टोरॉइड अजून हाती आलेला नाही. त्यामुळे असेल, पण १५ मीटर बँडवर ८० वॅटच्या वर गेले की क्वचित एखादा खोटा डिट अजून येतो. याला चोक पुरेसा होईल की कॅपॅसिटरची क्षमता वाढवावी?

चाळीस_मीटर:

कॅपॅसिटर वाढवू नये. २१ मेगाहर्ट्झला मोठ्या कॅपॅसिटरच्या पायांचेच प्रेरकत्व आडवे येते आणि लाभ होण्याऐवजी तो कमी होतो. पाय अजून लांब राहिले असतील तर ते तीन-चार मिलिमीटरपर्यंत आखूड करावेत, नाहीतर १० नॅनोफॅरडच्या जोडीला १ नॅनोफॅरडचा एकेक कॅपॅसिटर समांतर लावावा.

चोक येईपर्यंत एक तपासणी करता येईल. खोटा डिट येत असताना पॅडलच्या बैठकीवरचा हात उचलून, फक्त पात्यांना बोट लावून पाठवून पाहावे. हाताच्या स्पर्शाने लक्षण बदलत असेल तर आरएफ अजूनही चॅसिसवर येत आहे आणि त्याचा बंदोबस्त कोअॅक्सवरच करावा लागेल. लक्षण बदलत नसेल तर की-केबलचेच पाच-सहा वेढे ३१ क्रमांकाच्या एखाद्या लहान टोरॉइडवर, संचाच्या जॅकला लागून द्यावेत. निष्कर्ष येथे कळवावा. ७३ (शुभेच्छा).